परतणारा वापरकर्ता: वेब-अ‍ॅपमधील बारकावे

वेब-अ‍ॅप म्हणजे ब्राउझरच्या टॅबमध्ये चालणारा प्रोग्रॅम. तो संगणकावर बसवावा लागत नाही. पत्ता टाइप केला की हजर होतो. जीमेल, गूगल डॉक्स, बँकेचे नेटबँकिंग ही त्याची रोजच्या वापरातील उदाहरणे. बसवावे लागत नाही ही वेब-अ‍ॅपची मोठी सोय आणि तीच त्याची अडचणही. फोनवर घेतलेल्या अ‍ॅपचे चिन्ह निदान पडद्यावर बसून असते, अधूनमधून नजरेस पडते. टॅब बंद केला की वेब-अ‍ॅपचे काहीच डोळ्यांसमोर उरत नाही. पुन्हा यायचे तर वापरणाऱ्याला ते स्वतःहून आठवावे लागते, आणि आठवल्यावर तिथे जावेसे वाटावे लागते. जिथे दुसरा पर्यायच नसतो तिथे लोक कुरकुरत का होईना येतातच. त्यामुळे दाखले आणि कर यांची सरकारी संकेतस्थळे या चर्चेतून बाजूला ठेवलेली बरी.

लोक परत येतात त्यामागे मोठी कारणे असतातच: काम होणे, किंमत परवडणे, ओळखीची माणसे तिथे असणे. पण सारखेच काम करणाऱ्या दोन अ‍ॅपपैकी एक रोज उघडले जाते आणि दुसरे विसरले जाते, तेव्हा फरक पुष्कळदा सेकंदभरात घडून जाणाऱ्या गोष्टींत सापडतो. अमेरिकन डिझायनर डॅन सॅफर यांनी २०१३ साली अशा गोष्टींवर ‘मायक्रोइंटरॅक्शन्स’ नावाचे एक पुस्तकच लिहिले. या बारकाव्यांच्या ढोबळमानाने दोन जाती आहेत. काही बारकावे धास्ती कमी करतात: लिहिलेले जाईल का, चूक झाली तर काय, सगळे पुन्हा भरावे लागेल का. दुसरे ओढ लावतात: काय नवीन आले, किती गुण झाले, साखळी तुटली का. चर्चा दुसऱ्या जातीचीच फार होते. पहिल्या जातीचे बारकावे नीट चालतात तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाहीत, पण वर्षानुवर्षे टिकणारी सवय बहुधा त्यांच्यावरच उभी असते.

सुरुवात वेगापासून करावी लागते. आयबीएममधील रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली माणूस आणि संगणक यांच्या संवादात कोणत्या कामाला किती विलंब चालतो याची मांडणी केली होती. याकोब नीलसन यांनी १९९३ च्या ‘युजेबिलिटी इंजिनिअरिंग’ या पुस्तकात त्याच विचाराच्या तीन मर्यादा सांगितल्या, आणि त्या आजही प्रमाण मानल्या जातात. ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर ती गोष्ट आपल्याच हाताने घडली असे वाटते. एक सेकंदापर्यंत विलंब जाणवतो, पण विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर लक्ष उडते आणि माणूस दुसरे काही उघडतो. वेब-अ‍ॅपच्या बाबतीत ‘दुसरे काही’ शेजारच्या टॅबमध्येच असते.

विलंबाचा परिणाम परतण्यावर होतो याचा एक चांगला पुरावा गूगलने २००९ साली प्रसिद्ध केला. काही वापरकर्त्यांना शोधाचे निकाल मुद्दाम १०० ते ४०० मिलिसेकंद उशिरा दाखवण्यात आले. सेकंदाच्या निम्म्याहून कमी असा हा उशीर बहुतेकांना कळलाही नसेल. तरी त्या लोकांचे दरडोई रोजचे शोध ०.२ ते ०.६ टक्क्यांनी घटले. आकडा लहान आहे. खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. विलंब जितके दिवस चालू राहिला तितकी घट वाढत गेली, आणि मोठा विलंब काढून घेतल्यावरही ती माणसे काही काळ पूर्वीइतके शोध करीत नव्हती. ज्याची जाणीवही झाली नाही अशा गोष्टीने त्यांची सवय बदलली होती.

वेब-अ‍ॅपला असा वेग साधणे सुरुवातीला अवघड होते, कारण प्रत्येक क्लिकनंतर सर्व्हरकडून सगळे पान नव्याने यायचे. मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुकची ब्राउझरमधील आवृत्ती करताना पान न बदलता मागच्या मागे माहिती आणण्याची सोय घडवली आणि १९९९ साली ती इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आली. काही वर्षे तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आणि ८ फेब्रुवारी २००५ रोजी गूगल मॅप्स आले, तेव्हा ब्राउझरमध्ये नकाशा हाताने सरकवता येतो हे लोकांनी प्रथम पाहिले. त्याच फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. डिसेंबर २००४ मध्ये आलेली ‘गूगल सजेस्ट’ ही सोयही याच तंत्रावर चालत होती. केविन गिब्स या अभियंत्याने ती कामाच्या वेळेतील स्वतःच्या आवडीच्या प्रकल्पांसाठी राखलेल्या भागात तयार केली. शोधाच्या चौकटीत एकेक अक्षर पडत जाते तसतशा खाली सूचना बदलत जातात, एवढेच तिचे स्वरूप. २००८ मध्ये ती गूगलच्या मुख्य पानावर सर्वांसाठी आली. तिच्यामुळे टाइप करण्याचे श्रम वाचतात हे उघड आहे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे शब्दाचे स्पेलिंग नक्की ठाऊक नसले तरी चौकटीत काहीतरी लिहायचे धाडस होते.

सगळीच कामे ०.१ सेकंदात होत नाहीत. तिथे प्रतीक्षा सुसह्य करण्याच्या युक्त्या लागतात. काम किती टक्के झाले हे दाखवणाऱ्या पट्टीचा अभ्यास ब्रॅड मायर्स यांनी १९८५ सालीच केला होता. पट्टी असली की लोकांना वाट पाहणे सोपे जाते, असे त्यात दिसले. लूक रोब्लेव्स्की यांनी २०१३ मध्ये फिरत्या चक्राऐवजी येणाऱ्या मजकुराच्या आकाराचे करडे ठोकळे दाखवण्याची पद्धत मांडली. चक्र घड्याळाकडे लक्ष वेधते, ठोकळे येणाऱ्या गोष्टीकडे. याहून धीट युक्ती म्हणजे सर्व्हरचे उत्तर येण्याआधीच काम झाल्यासारखे दाखवणे. ‘लाइक’चे हृदय दाबताक्षणी लाल होते, खरी नोंद मागून होते. नोंद झालीच नाही तर मात्र हृदय पुन्हा पांढरे करून तसे सांगावे लागते, आणि हा दुसरा भाग लिहायला अनेक जण विसरतात. पैसे पाठवण्याच्या पानावर ही युक्ती कधीच वापरू नये. तिथे दोन सेकंदांचा प्रामाणिक विलंब लोकांना चालतो, किंबहुना हवासा वाटतो.

वेगाशी जोडलेला पण वेगळा असा एक दोष म्हणजे पानाचे हलणे. मजकूर वाचायला सुरुवात होते, तेवढ्यात वर जाहिरात किंवा चित्र येऊन बसते, ओळी खाली सरकतात आणि दाबायला गेलेले बोट भलत्याच दुव्यावर पडते. चित्रासाठी लागणारी जागा आधीच राखून ठेवली की हा प्रकार थांबतो. दुरुस्ती इतकी साधी असूनही तो सर्रास दिसतो. गूगलने २०२० साली वेब-पानांच्या गुणवत्तेसाठी जी तीन मापे ठरवली त्यांत या हलण्यालाही स्थान दिले. उरलेल्या दोनांपैकी एक पानातील मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असे सांगते. दुसरे प्रतिसादाचे आहे. २०२४ पासून त्याची मर्यादा २०० मिलिसेकंद धरली जाते.

वेगानंतर येते ती आठवण. वेबचा मूळ नियमसंच कोणाचीच आठवण ठेवत नाही. सर्व्हरच्या लेखी पानाची प्रत्येक मागणी नव्या माणसाची असते. नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये यावर ‘कुकी’ हा उपाय काढला. एका ग्राहक कंपनीला ऑनलाइन खरेदीची टोपली हवी होती आणि अर्धवट खरेदीच्या नोंदी आपल्या सर्व्हरवर ठेवायच्या नव्हत्या. म्हणून त्या वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवायचे ठरले. प्रयोगशाळेबाहेर कुकीचा पहिला वापर झाला तो नेटस्केपच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, आलेला माणूस पूर्वी येऊन गेला आहे का हे पाहण्यासाठी. पुढे जाहिरातदारांनी माग काढण्यासाठी कुकीचा जो उपयोग केला त्यामुळे तिचे नाव खराब झाले. तरी लॉगिन टिकणे, निवडलेली भाषा कायम राहणे, टोपलीतील वस्तू उद्याही तिथेच असणे या सगळ्या गोष्टी तिच्याच पोटी आल्या.

आठवण ठेवायची जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकली की काय होते, याचे एक उदाहरण जारेड स्पूल यांनी २००९ साली लिहिले. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात पैसे भरण्याआधी लॉगिन किंवा नोंदणी सक्तीची होती. नेहमीच्या ग्राहकांना ती सोयीची वाटेल असा मालकांचा समज होता. प्रत्यक्षात नेहमीच्या ग्राहकांनाच कोणता ई-मेल दिला होता आणि पासवर्ड काय होता हे आठवत नव्हते. ४५ टक्के ग्राहकांच्या नावावर एकाहून अधिक खाती होती आणि रोज सुमारे १,६०,००० लोक पासवर्ड मागत होते. त्यांतील तीन चतुर्थांश लोकांनी पुढे खरेदी पूर्ण करण्याचा प्रयत्नही केला नाही. ‘नोंदणी करा’ हे बटण काढून ‘पुढे जा’ असे बटण ठेवले आणि खाते उघडण्याची गरज नाही अशी एक ओळ खाली लिहिली. स्पूल यांच्या सांगण्यानुसार पहिल्या वर्षात विक्री ३० कोटी डॉलरनी वाढली. बटणावरचा शब्द बदलला एवढेच लोक या गोष्टीतून लक्षात ठेवतात. खरे तर जुन्या ग्राहकाला परत येताना द्यावी लागणारी परीक्षा बंद झाली.

लिहिलेला मजकूर आपोआप जतन होणे हा याच कुळातील बारकावा. राइटली नावाचे, ब्राउझरमध्ये चालणारे लेखन-अ‍ॅप २००५ मध्ये आले, २००६ मध्ये गूगलने ते घेतले आणि त्यातून गूगल डॉक्स घडले. तिथे लिहिता लिहिता मजकूर जतन होत राहतो. पण नुसते जतन करून भागत नाही, ते दिसावे लागते. म्हणून शीर्षकाजवळ ‘जतन होत आहे’ आणि मग ‘जतन झाले’ अशा अर्थाची बारीक खूण उमटते. वर्षानुवर्षांच्या सवयीने अनेकांची बोटे कंट्रोल आणि एस या कळांकडे जातातच. एरवी ब्राउझर अशा वेळी ते वेब-पान फाइल म्हणून साठवायची खिडकी उघडतो. डॉक्स ती कळ मध्येच अडवते आणि सगळे जतन झाले आहे असे सांगते. त्या कळीची तिथे मुळीच गरज नाही, पण ती दाबणाऱ्या माणसाला उत्तर मिळते. दुसऱ्या टोकाला असतात ते लांबलचक फॉर्म, जे अर्ध्या तासाच्या भरणीनंतर ‘सत्राची मुदत संपली’ म्हणून कोरे होतात. अशा फॉर्मकडे माणूस परतला तरी तो आधी मजकूर दुसरीकडे लिहून मग चिकटवतो.

धास्ती कमी करणारा सर्वांत प्रभावी बारकावा कोणता, तर केलेले काम मागे घेता येणे. संगणकाच्या जगात चूक टाळण्याची जुनी रीत म्हणजे विचारणे: ‘खरेच पुसायचे आहे का?’ एझा रास्किन या डिझायनरने २००७ मध्ये एका लेखात या रीतीतली गफलत दाखवली. नेहमीचे काम करताना माणूस सवयीने ‘हो’ म्हणतो. प्रश्न वाचून नव्हे, प्रश्न येणार हे ठाऊक असल्यामुळे. नव्याण्णव वेळा ‘हो’ बरोबर असते, शंभराव्या वेळी चुकीचे, आणि शंभराव्या वेळीही बोट तितक्याच वेगाने पडते. इशारा मोठा केला, लाल केला, तरी सवय त्यालाही गिळते. रास्किन यांचा उपाय सरळ होता: विचारू नका, काम करून टाका आणि ते मागे घेण्याची सोय द्या. चूक बहुधा केल्यानंतरच कळते, त्यामुळे मदतही तेव्हाच हवी.

जीमेलमध्ये हा विचार ठायी ठायी दिसतो. पत्र पुसले की काही विचारले जात नाही. पडद्याच्या कडेला एक छोटी पट्टी येते, तिच्यावर ‘मागे घ्या’ असा पर्याय असतो. पट्टी गेल्यावरही पत्र कचऱ्याच्या पेटीत ३० दिवस राहते. २००९ च्या मार्चमध्ये जीमेलच्या प्रयोगशाळा विभागात पाठवलेले पत्र मागे घेण्याची सोय आली आणि २०१५ मध्ये ती नेहमीच्या सेटिंगमध्ये गेली. दुसऱ्याच्या पेटीत पोचलेले पत्र कोणालाच परत आणता येत नाही. इथे अ‍ॅप फक्त पाठवायला थांबते: सुरुवातीला पाच सेकंद, आता निवडीप्रमाणे ३० सेकंदांपर्यंत. चुकीचे नाव, विसरलेली जोडणी, रागाच्या भरातले वाक्य या चुका पाठवण्याचे बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंदांतच ध्यानात येतात, हे ज्याने ओळखले त्याला माणसाचा स्वभाव नीट कळला होता. ‘जोडत आहे’ असे पत्रात लिहून काहीच न जोडणाऱ्याला जीमेल पाठवण्याआधी अडवते. तो मात्र प्रश्नच आहे, आणि तिथे प्रश्न शोभतो, कारण तो क्वचितच येतो.

रोज येणाऱ्यांसाठी जीमेलने आणखी एक सोय ठेवली आहे. सेटिंगमध्ये कळांचे शॉर्टकट सुरू केले की ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी पत्रांच्या यादीत खाली-वर जाता येते. ही जोडी युनिक्समधील ‘व्हीआय’ या जुन्या संपादकातून आली आहे. नवख्याला तिचा उपयोग नाही. पण ज्याच्या बोटांत ती एकदा बसली त्याला दुसरे ई-मेल अ‍ॅप परके वाटू लागते.

मराठी वापरणाऱ्यांच्या वाट्याला याच बारकाव्यांची एक वेगळी बाजू येते. इंग्रजीसाठी बेतलेल्या रचनेत देवनागरी ओतली की ओळींमधले अंतर अपुरे पडते. वेलांट्या आणि मात्रा वरून कापल्या जातात, उकार खालच्या ओळीला टेकतात. लांब शीर्षक ठरावीक संख्येनंतर तोडायचे तर संगणक युनिकोडची चिन्हे मोजतो, त्यामुळे जोडाक्षर मधोमध तुटून पाय मोडलेले व्यंजन आणि तीन टिंबे शिल्लक राहतात. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याची खूण लिहिली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ‘श’ आणि ‘ल’ यांची मराठी वळणे दिसतात. खूण विसरली तर हिंदी वळणे येतात. मजकूर वाचता येतोच, पण तो आपल्यासाठी केलेला नाही हे पहिल्या दृष्टिक्षेपात कळते. फोन नंबराच्या रकान्यात कोणी देवनागरी अंक लिहिले तर बहुतेक फॉर्म ते नाकारतात आणि नुसते ‘अवैध’ म्हणतात, खरे तर ते अंक बदलून घेणे प्रोग्रॅमला चुटकीसरशी जमणारे आहे. नावाचे रकाने हा आणखी एक अडसर. मराठी नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये येते आणि कागदोपत्री आडनाव पुष्कळदा आधी असते. पहिले नाव, शेवटचे नाव अशा दोनच चौकटी समोर आल्या की माणूस प्रत्येक वेळी वेगळा तोडगा काढतो, आणि मग ओळखपत्राशी नाव जुळत नाही.

ओढ लावणाऱ्या बारकाव्यांकडे वळताना ‘वर्डल’ हा शब्दखेळ लक्षात घेण्याजोगा आहे, कारण लोकांना परत आणण्याची जी हत्यारे उद्योगात नेहमी वापरली जातात त्यांपैकी जवळपास एकही त्यात नव्हते. जॉश वॉर्डल या वेल्समध्ये वाढलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या प्रोग्रॅमरने तो स्वतःसाठी आणि जोडीदार पलक शाह यांच्यासाठी बनवला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे १२,००० आहेत. त्यांतले ओळखीचे सुमारे २,५०० शाह यांनी निवडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सर्वांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला तो ९० जणांनी खेळला, २ जानेवारी २०२२ रोजी ३,००,००० हून अधिक लोकांनी. खाते नाही, लॉगिन नाही, जाहिरात नाही, सूचना पाठवणे नाही.

पहिला बारकावा म्हणजे दिवसाला एकच कोडे. खेळ चांगला असेल तर माणसाला आणखी खेळायचे असते, आणि बहुतेक खेळ त्याला खेळू देतात, तो कंटाळेपर्यंत. वर्डल भूक राखून थांबतो आणि पुढच्या कोड्याला किती तास, मिनिटे, सेकंद उरले ते दाखवतो. त्या दिवशी सगळ्यांना शब्द एकच असतो, त्यामुळे कचेरीत किंवा घरी त्याबद्दल बोलता येते. उत्तर टाकल्यावर पाचही चौकटी एकदम न उलटता एकामागून एक उलटतात. पहिली हिरवी, दुसरी करडी, आणि तिसरीची वाट पाहताना श्वास जरा अडतो. नसलेला शब्द टाकला तर ओळ थरथरते, पण संधी वाया जात नाही. खालच्या कळफलकावर वापरलेली अक्षरे रंगून राहतात, म्हणजे डोक्यात यादी धरून ठेवावी लागत नाही. हिरवा आणि पिवळा ज्यांना नीट वेगळे ओळखता येत नाहीत त्यांच्यासाठी नारिंगी-निळ्याची जोडी आहे.

सर्वांत गाजलेला बारकावा मात्र वॉर्डल यांचा नव्हे, खेळणाऱ्यांचा. न्यूझीलंडमधील काही जण आपला निकाल रंगीत चौकोनांची चिन्हे हाताने टाइप करून एकमेकांना दाखवत होते. वॉर्डल यांनी ते पाहिले आणि डिसेंबर २०२१ मध्ये असे चौकोन आपोआप तयार करून देणारे बटण घातले. त्या चौकोनांतून खेळणारा कसा अडखळला, कुठे सुटला हे सगळे कळते; शब्द मात्र कळत नाही. त्या मजकुरात खेळाचा दुवाही नव्हता. ज्याला हे चौकोन काय आहेत असा प्रश्न पडला त्याने विचारायचे, आणि विचारले की कोणीतरी सांगायचे. जाहिरातीच्या कोणत्याही शाळेत ही चूक ठरली असती.

जिंकलेल्या दिवसांची सलग संख्या वर्डलही मोजत होता, पण ती सर्व्हरवर न ठेवता त्या त्या ब्राउझरच्या साठ्यात. खात्याशिवाय आठवण ठेवण्याची ही पद्धत नामी आहे, मात्र ब्राउझर असा साठा संकेतस्थळाच्या पत्त्याला बांधून ठेवतो. ३१ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने खेळ विकत घेतल्याचे जाहीर झाले आणि फेब्रुवारीत तो नव्या पत्त्यावर गेला. आकडे सोबत नेण्याची व्यवस्था केलेली असूनही काही खेळाडूंची साखळी शून्यावर आली, आणि त्यांची नाराजी पाहता तो आकडा नुसता आकडा नव्हता हे कळले.

साखळी हे फार जोरकस साधन आहे. २०१२ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या ड्युओलिंगो या भाषाशिक्षणाच्या अ‍ॅपने तिला केंद्रस्थानी आणले. तिथे सलग किती दिवस धडा केला तो आकडा ज्वाळेच्या चिन्हाशेजारी दिसतो. आकडा लहान असताना माणूस तो वाढवण्यासाठी येतो, मोठा झाल्यावर गमावू नये म्हणून. एक दिवस चुकला तरी साखळी टिकवणारी ‘गोठवण’ही तिथे मिळते. दोनशे दिवसांची साखळी तुटलेला माणूस पहिल्यापासून सुरुवात करत नाही, तो सोडूनच देतो, हे त्यामागचे गणित. प्रोग्रॅमरांच्या गिटहब या संकेतस्थळाने उलटी वाट धरली. तिथेही सलग दिवसांचा आकडा दिसत असे. २०१६ मध्ये तो काढून टाकला गेला. नंतर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की आकडा गेल्यावर शनिवार-रविवारचे काम कमी झाले आणि लांबलेल्या साखळ्या लोकांनी सोडून दिल्या. म्हणजे त्या दिवसांचे काही काम कामाच्या गरजेने नव्हे, आकड्याच्या धाकाने होत होते.

अर्धवट गोष्ट पुरी करण्याची ओढही अशीच वापरली जाते. नुनेस आणि ड्रेझ या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोटार धुण्याच्या दुकानात ३०० ग्राहकांना शिक्क्यांची कार्डे दिली. निम्म्यांच्या कार्डावर आठ घरे होती. उरलेल्यांच्या कार्डावर दहा, पण त्यांतली दोन आधीच भरलेली. सगळ्यांना आठच वेळा यायचे होते. तरी पहिल्या गटातील १९ टक्के आणि दुसऱ्यातील ३४ टक्के लोकांनी कार्ड पुरे केले. नवे खाते उघडताच ‘तुमची माहिती २० टक्के पूर्ण’ असे सांगणारी पट्टी त्याच युक्तीवर चालते.

अंतहीन पानाची गोष्ट इथे सांगावी लागते, कारण ते एझा रास्किन यांनीच २००६ च्या सुमारास घडवले. खाली पोचताच पुढचा मजकूर आपोआप येतो, ‘पुढील पान’ दाबावे लागत नाही. शोधाच्या निकालांसाठी ही सोय होती. समाजमाध्यमांनी ती उचलली आणि थांबण्याची नैसर्गिक जागा नाहीशी झाली. रास्किन यांनी पुढे या शोधाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. मागे घेण्याची बाजू मांडणारा आणि न संपणारे पान देणारा माणूस एकच असावा, हे या क्षेत्राचे बोलके उदाहरण आहे: बारकावा चांगला की वाईट हे तो कोणत्या कामाला जुंपला यावर ठरते. अंतहीन पानात कारागिरीचा दोषही राहतो. यादीतली एखादी वस्तू उघडून पाहिली आणि मागे आले की यादी पुन्हा वरून सुरू होते. होती त्याच जागी परत आणून सोडणे कष्टाचे आहे, पण ज्या दुकानांनी ते केले त्यांच्या याद्या लोक अधिक खोलवर पाहू शकतात.

सूचना पाठवण्याची परवानगी मागण्याबाबत तर ब्राउझरांनाच मध्ये पडावे लागले. पान उघडताच, ते काय आहे हे कळण्याआधीच परवानगी मागणारी खिडकी येई. २०२० च्या सुरुवातीला फायरफॉक्सने वापरणाऱ्याने पानावर काही केल्याशिवाय ही विनंती दाखवणे बंद केले, आणि क्रोमनेही ती दबक्या स्वरूपात दाखवण्याची सोय आणली.

लोकांना परत आणता येत नसेल तर त्यांना जाऊच न देणे, ही या कलेची काळी बाजू. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि १३ प्रकार नोंदवले. खोटी घाई लावणे, टोपलीत नकळत वस्तू घालणे, नकार देणाऱ्याला ओशाळे करणारी वाक्ये लिहिणे आणि सदस्यत्वाच्या सापळ्यात अडकवणे हे त्यांतले काही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर खटला भरला. प्राइम सदस्यत्व रद्द करण्याची वाट मुद्दाम लांबवली, असा त्यात आरोप होता. कंपनीत त्या वाटेला होमरच्या महाकाव्यावरून ‘इलियड’ म्हणत, असेही तक्रारीत नमूद होते. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरना ते प्रकरण मिटले.

बाहेर पडण्याची वाट सोपी करणे हाही एक बारकावाच आहे, आणि त्याचा प्रयोग गूगलमध्ये झाला आहे. ब्रायन फिट्झपॅट्रिक यांच्या पुढाकाराने २००७ मध्ये तिथे अभियंत्यांचा एक गट उभा राहिला. वापरकर्त्याला स्वतःची माहिती घेऊन दुसरीकडे जाता यावे, एवढेच त्याचे काम. त्यातून २०११ च्या जूनमध्ये ‘टेकआउट’ हे पान आले. तिथे हवी ती खूण करून बटण दाबले की पत्रे, छायाचित्रे, संपर्क यांची फाइल तयार होते आणि ती उतरवून घेण्याचा दुवा ई-मेलने येतो.